अठरावा फोटो न काढण्याबाबत

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
माननीय सहायक पोलीस आयुक्त,
विभागीय कार्यालय, सुरत

विषय : कोणताही गुन्हा नोंद नसताना वडिलांना चौकीत बोलावून फोटो काढणे थांबवण्याबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे चार अर्ज (पोच फक्त पहिल्याची मिळाली).

महोदय,

मी निशा चंदू सपकाळे, बी.एस्सी. (भौतिकशास्त्र), राहणार गोडादरा. माझे वडील चंदू सपकाळे, वय एकसष्ट, तेहतीस वर्षे लूमवर काम करून आता घरी असतात. गेल्या सव्वीस महिन्यांत दीपकुंज चौकीत त्यांचे सतरा फोटो काढले गेले. तारखा सोबत जोडल्या आहेत.

१. समोरच्या सोसायटीत चोरी झाली की आमच्या गल्लीतील पुरुषांना बोलावतात. कारण विचारल्यावर जमादारसाहेब म्हणाले, “मराठी गल्ली से शुरू करते हैं, फिर आगे देखते हैं.” सतरा वेळांत ‘आगे’ एकदाही आले नाही. फेब्रुवारीत आमचाच गॅस सिलिंडर चोरीला गेला. वडील तक्रार द्यायला गेले, तेव्हा तक्रार घेण्याआधी त्यांचा फोटो घेतला.

२. फोटो व मापे घेण्यासाठी अटक, शिक्षा किंवा दंडाधिकाऱ्यांचा आदेश असे काही तरी लागते, असे मी २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यात वाचले. वडिलांच्या बाबतीत यांपैकी काहीच नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साठ वर्षांवरील पुरुषाला साक्षीसाठीसुद्धा राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही. हे मी चौकीत वाचून दाखवले. “तमे बहु भणेला छो, बेन,” (फार शिकलेल्या आहात, ताई) एवढेच उत्तर मिळाले.

३. चौकीच्या नोंदीत वडिलांची उंची आधी १६३ सेंटिमीटर होती, दिवाळीनंतर ती १६५ झाली. या वयात माणूस वाढत नाही. चौकीत नवी फरशी बसली आणि भिंतीवरची पट्टी जुनीच राहिली, हे त्याचे कारण आहे. निदान ही नोंद दुरुस्त व्हावी.

४. फोटो आवश्यकच असल्यास जुन्या सतरांपैकी कोणताही वापरावा. चेहऱ्यात फरक पडल्यास मी स्वतः नवीन फोटो आणून देईन.

५. परवा सोसायटीतून एक सायकल गेली. ते कळताच वडिलांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि चप्पल पायात घालून दाराशी बसले. कोणी बोलावले नव्हते. आई, रंभाबाई, त्यांना अडवू लागली तर म्हणाले, “त्या येवाना पहिले मीच जाई येस.” (ते यायच्या आधी मीच जाऊन येतो.) त्या दिवशी कोणी आले नाही. तरी ते अंधार पडेपर्यंत चप्पल न काढता बसून होते. काल पुन्हा बसले.

दोषींवर कारवाईची मागणी मी मागच्या चारही अर्जांत केली आहे व ती कायम आहे. आज मात्र एवढीच विनंती आहे की, ‘आपल्याला येण्याची गरज नाही’ असा एका ओळीचा कागद सही-शिक्क्यासह वडिलांच्या नावे द्यावा. मी व आई हेच रोज सांगतो, पण आमच्या सांगण्याने ते चप्पल काढत नाहीत.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
निशा चंदू सपकाळे

सोबत :
१. सतरा तारखांचा तक्ता
२. वडिलांच्या वयाचा दाखला
३. या अर्जाची गुजराती प्रत (मूळ अर्ज मराठीत आहे, कारण वडिलांना तेवढेच वाचता येते)