आतोसच्या ट्रॅक्टरची तार

४ जानेवारी

उणे एकतीस अंश. या उत्तरेच्या टोकाला हिवाळ्यात सूर्यच उगवत नाही, अजून आठवडाभर तरी नाही. तरी माझ्या धाकट्या बहिणीला, सायमीला, संध्याकाळ बरोबर कळते. जेवण झालं की ती अंगणातल्या विजेच्या खांबापासून तार ओढत शेडपर्यंत जाते आणि एंजिन उबेला राहावं म्हणून आतोसच्या ट्रॅक्टरला जोडते. आमच्याकडे घरातलं कोणी सकाळी निघणार असलं की दुसऱ्याने रात्री तार लावून ठेवायची. सांगावं लागत नाही. तार लावली नाही, तर मात्र बोलणं ऐकावं लागतं.

आतोस कुठेच निघणार नाही. गेल्या जानेवारीत माझा हा मेहुणा गोठलेल्या सरोवरावरचा रस्ता साफ करायला गेला. पलीकडे सरोवर अरुंद होतं, त्या चिंचोळ्या पाण्यापाशी ट्रॅक्टरवरून खाली उतरला आणि पुढचा बर्फ पहारीने ठोकून पाहत चालत गेला. ट्रॅक्टर सकाळी सापडला, एंजिन चालू होतं. तो सापडला नाही.

मी सायमीला न्यायला आले आहे. रोवानिएमी शहरातल्या माझ्या घरात एक खोली रिकामीच आहे. ती म्हणते, "आणि तो आला, तर त्याला गारठलेल्या एंजिनावर बसवायचं?"

५ जानेवारी

आज तिला नीट समजावून सांगितलं. वीस वर्षं डिझेल एंजिन शिकवते आहे. धाकट्या बहिणीला शिकवायचं राहून गेलं होतं!

तारेने सगळं एंजिन तापत नाही. सिलिंडरभोवती जे पाणी फिरतं, तेवढंच ऊबदार होतं. त्याला दोन-तीन तास पुष्कळ. रात्रभर तार लावणं म्हणजे वीज वाया घालवणं. आणि एंजिन सुरू झाल्यावर पुरतं तापायला किती वेळ लागतो? माझ्या वर्गातल्या पोरांचा आवडता प्रश्न. उत्तर असं, की उभ्या ट्रॅक्टरला विचारू नका. डिझेल हे काटकसरी यंत्र आहे. काम नसेल तर ते जेमतेम इंधन जाळतं, आणि जेमतेम जाळलं तर ऊब कुठून येणार? अशा थंडीत तासभर नुसतं धडधडत ठेवा, तापमानाचा काटा हलत नाही. तेच पातं लावून बर्फ ढकलायला लावा. थोड्याच वेळात केबिनमध्ये कोट काढावा लागतो. किती सुंदर हिशेब आहे हा! ज्याला काम आहे, तोच तापतो.

सायमीने ऐकून घेतलं. "ताई, तुझ्या वर्गात पोरं झोपत असतील."

शेजारचा काउको कॉफी प्यायला आला होता. गावचा रस्ता तोच साफ करतो. म्हणाला, "झोपतील कशाला, गारठतात. मास्तरीणबाईंचं उत्तर संपेपर्यंत माझं एंजिन दोनदा थंड झालंय."

सायमी हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

७ जानेवारी

सकाळी शेडमध्ये गेले. एंजिन ऊबदार होतं. तार लावलेली, त्यामुळे त्यात नवल नाही. सवयीने गिअरबॉक्सवर हात ठेवला.

गिअरबॉक्सही ऊबदार होता.

हे होऊ शकत नाही. तारेचा गिअरबॉक्सशी काहीही संबंध नाही. अशा थंडीत त्यातलं तेल मधासारखं घट्ट होतं. ते तापतं फक्त गाडी चालल्यावर, आणि तेही बऱ्याच वेळाने. पात्याला ओला बर्फ चिकटलेला होता.

म्हणजे ट्रॅक्टर कोणीतरी चालवला. घरात आम्ही दोघीच. सरोवर इथून हाकेवर आहे, आणि चिंचोळ्या पाण्यापाशी खालून प्रवाह असल्यामुळे तिथल्या बर्फाचा भरवसा कधीच नसतो.

सायमीला विचारलं. "मी? मला तो मागेसुद्धा घेता येत नाही. आतोस म्हणायचा, तुझ्या हातात दिला तर शेडच पुढे सरकेल."

खोटं बोलताना ती खाली बघते, लहानपणापासून. आज माझ्याकडे बघत होती.

८ जानेवारी

बॅटरी काढून माझ्या पलंगाखाली ठेवली. तारही गुंडाळून तिथेच. सायमी दारात उभी राहून बघत होती. 

९ जानेवारी

ट्रॅक्टर थंडगार, नखशिखांत. विज्ञानाने जसा असायला हवा तसा! काल रात्री पहिल्यांदा शांत झोप लागली.

सायमी मात्र जेवली नाही. एकदाच म्हणाली, "आता त्याला त्रास होईल." मग स्वतःहून म्हणाली, सोमवारी निघू या. इतक्या सहज तयार झाली, की मी बॅग भरायलाही घेतली.

११ जानेवारी

 क्रमाने लिहिते.

सकाळी सायमीचं अंथरूण रिकामं होतं. कोट खुंटीवर. उणे छत्तीस. घराच्या पायऱ्यांपासून तिच्या पावलांचे ठसे सरोवरावर गेलेले, थेट चिंचोळ्या पाण्याच्या दिशेने. मी ओरडत काठापर्यंत धावले. काउको त्याची बर्फगाडी काढून आला आणि एकदम थांबला. "बाई, शेडकडे बघा."

ट्रॅक्टरच्या काचा आतून वाफेने धूसर झाल्या होत्या. सायमी केबिनमध्ये झोपली होती. मोजे भिजलेले, हात गरम. केबिन इतकी तापलेली, की काउकोने टोपी काढली.

मी गिअरबॉक्सवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला. मग घरात जाऊन पलंगाखाली पाहिलं. बॅटरी तिथेच. तारही.

अँब्युलन्स आली. थंडीने गेलेली पायाची दोन बोटं सोडली तर तिला काही झालेलं नाही, अँब्युलन्सवाले म्हणाले.

काउको ठशांच्या मागे जाऊन परत आला. चिंचोळ्या पाण्यापाशी ठसे संपतात आणि तिथून साफ केलेली एकच पट्टी सुरू होते, ती आमच्या शेडपर्यंत. आतोसचं पातं उजवीकडे बर्फ टाकतं. जाणारा आणि येणारा यावरून ओळखता येतो. "हा फक्त आलाय," काउको म्हणाला. "गेलेला नाही." आज त्याने एकही टोमणा मारला नाही.

अँब्युलन्समध्ये सायमीने डोळे उघडले. "त्याला तुझा राग आलाय, ताई. म्हणाला, तार का काढली? एंजिन तापायला फार वेळ लागला. अजून थोडा लागला असता, तर मी वेळेत पोचलो नसतो."

मी काही समजावून सांगितलं नाही.

१२ जानेवारी

उणे अडतीस. सायमी इस्पितळात, घरात मी एकटी. जेवण झालं. तार लावून आले.