डोकी भिंतीकडे

८ फेब्रुवारी, रविवार
सोसायटीला पन्नास वर्षं झाली. सर्वांचा फोटो ड्रोननं काढायचा आणि काढणार मी – ठराव पास! चेअरमन देवदत्तनं तोंड वाकडं करून का होईना, हात वर केला. वर पुस्ती जोडलीच : "श्यामभाऊ, फोटो काढा आणि रिडेव्हलपमेंटच्या कागदावर सहीपण करून टाका ना. अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुमचीच राहिलीय."

नाही करणार. इतकी दणकट बिल्डिंग बोरिवलीत दुसरी दाखवा! मीटिंगहून घरी येताना जयंती जिन्यात दोनदा थांबली. तिसऱ्या मजल्यापर्यंत तिचे गुडघेच बोलत होते. नव्या बिल्डिंगला लिफ्ट असेल, हे ती हल्ली सांगतही नाही.

११ फेब्रुवारी
पोलिसांची परवानगी मिळाली. साहेबांनी विचारलं, लग्न कोणाचं?

१३ फेब्रुवारी
हॉलमध्ये सराव. पंखा बंद, जयंती स्वयंपाकघरात. पडदा गेला.

१६ फेब्रुवारी
नवाच घोळ. उभ्या माणसांचा वरून फोटो काढला तर चेहरे कुठले, टकलंच दिसणार. म्हणून मी सुचवलं, सगळ्यांनी आडवं व्हायचं. वाट लागली! कमलताई उत्तरेला डोकं करायला तयार नाहीत, मेलेल्याला तसं झोपवतात म्हणे. देवदत्त कोणाच्या पायाशी डोकं ठेवणार नाही – पदाचा मान. खजिनदाराला देवदत्तच शेजारी नको. शेवटी तोडगा मीच काढला. एकच रांग, डोकी बिल्डिंगच्या भिंतीकडे, पाय बाहेर. भिंत पूर्वेला, म्हणजे शास्त्रही खूश.

शिवाय सुरक्षित! माणसांच्या डोक्यावर ड्रोन न्यायचा नाही, हा पहिला नियम. मी तो समोरच्या रिकाम्या पार्किंगवर तरंगत ठेवणार, कॅमेरा तिरका. पडलाच तर सिमेंटवर पडेल. कोणाच्या डोक्यात काही पडता कामा नये, याची जबाबदारी माझी.

२२ फेब्रुवारी, रविवार
झाला! उतरतं ऊन, भिंतीवर सोनेरी उजेड, वारा नाही. दोन घारी घिरट्या घालत होत्या, त्या जाईपर्यंत सगळी सोसायटी सतरंज्यांवर आडवी. देवदत्त सूट घालून. समोरच्या बिल्डिंगमधून कोणीतरी घाबरून विचारलं, काय झालं हो? कमलताईंनी पडल्या पडल्या उत्तर दिलं, "काही नाही, फोटो आहे!"

खजिनदार जरा पुढे सरकले, तर मी त्यांना ओरडलो. भिंतीला चिकटून राहा, तिथेच सुरक्षित आहात!

फोटो झकास. चेअरमनचे तळवे आधी दिसतात, चेहरा नंतर. आणि जयंती हसतेय. किती दिवसांनी!

२३ फेब्रुवारी
फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. कॅमेरा तिरका असल्यामुळे वरपासून सगळी बिल्डिंग आली आहे. आमच्या खिडकीवरचा छज्जाही. खालून अगदी नवा दिसतो, दिवाळीत मीच रंग लावून घेतला. वरून मात्र भेग, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गंजलेल्या सळ्या बाहेर आल्यात, एका बाजूनं तो भिंतीपासून सुटलाय.

त्याच्या बरोबर खाली, डोकं भिंतीकडे करून जयंती हसतेय. ती जागा तिला मीच दिली होती.

२४ फेब्रुवारी
छज्ज्याखाली कोणी जाऊ नये म्हणून ती जागा दोरी बांधून बंद केली, मग देवदत्तकडे जाऊन सही केली. जयंतीला तो फोटो मोठा करून हवाय.