हंबरड्याचा मालक

प्रति,
मा. निबंधक साहेब,
कॉपीराइट नोंदणी कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : इस्त्री कामगार, सरकारी इस्पितळाचे धुलाईघर.

विषय : माझ्या आईचा हंबरडा दातांच्या दवाखान्याच्या पाटीवरून उतरवण्याबाबत, तसेच दुसऱ्या एका हंबरड्याच्या मालकीची नोंद घेण्याबाबत.

संदर्भ : १) माझे आधीचे अर्ज. २) आपल्या केबिनमधली भेट, ज्यात मला खुर्ची मिळाली नाही.

महोदय,

१. धुलाईघरातला बॉयलर फुटून माझा धाकटा भाऊ गेला. प्रेत बाहेर काढले तेव्हा आईने हंबरडा फोडला आणि त्याच क्षणी एका फोटोग्राफरने बटण दाबले. फोटो चांगला आला. इतका चांगला, की त्याने तो मुक्त परवान्याखाली इंटरनेटवर ठेवला. कोणीही घ्या, कापा, रंगवा, धंद्याला वापरा, फक्त माझे नाव लिहा. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला कोणाचे काय जाते?

२. आमच्या घराखाली दातांचा डॉक्टर आहे. त्याने तो फोटो घेतला, मागचे प्रेत कापले, आईच्या गालावर लाल गोळा रंगवला आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी लावली : 'दाढ ठणकते? आत या.' मी भांडायला गेलो. तो म्हणाला, "अहो, खाली फोटोग्राफरचं नाव आहे, फोटोत बदल केलाय तेही लिहिलंय. सगळं कायद्यात बसतं. तुमच्या आई आहेत होय? मग शेजारधर्म म्हणून त्यांची एखादी दाढ फुकट काढून देतो."

३. गल्लीतली पोरे आईला 'दाढदुखीवाली' म्हणून हाका मारतात. ती जिना उतरत नाही. भिंतीकडे तोंड करून, तोंडावर हात धरून जेवते. मुलासाठी रडायचे झाले तरी ओठ मिटून रडते. ते रडणे ऐकू येत नाही, हादरताना पाठ तेवढी दिसते.

४. बॉयलर कोणाच्या हलगर्जीपणामुळे फुटला, हे सांगणारे पत्रक मी काढले आणि त्यावर तोच फोटो छापला, प्रेतासकट. फोटोग्राफरने तक्रार केली, कारण मी त्याचे नाव छापले नव्हते. इस्पितळाला निमित्तच हवे होते, त्यांनी पत्रके फाडली. टीका करण्यासाठी दुसऱ्याचे चित्र वापरायची सवलत कायद्यात आहे, असे मी आपल्याला म्हणालो. आपण म्हणालात, सवलत आहे, पण नाव तिथेही लिहावे लागते. म्हणजे पाटी कायदेशीर आणि पत्रक बेकायदा. भाऊ कशात बसतो, ते विचारायचे राहून गेले.

५. त्या भेटीत आपण मला उभ्या उभ्या शिकवलेत, ते जसेच्या तसे लिहितो : "हे बघा, फोटो बटण दाबणाऱ्याचा. चेहरा ज्याचा त्याचा, पण ते भांडण दिवाणी कोर्टात न्यायचं. आमच्याकडे चेहऱ्याचं खातं नाही. आणि मुक्त परवाना एकदा दिला की ज्यांनी फोटो घेतला त्यांच्याकडून तो परत मागता येत नाही. समजलं? घरी जाऊन बाईंना सांगा, पुढच्या वेळी एवढं तोंड उघडू नका."

६. समजले. गेल्या मंगळवारी मी इस्त्रीच्या चादरी घेऊन वॉर्डात आलो. आपल्या मातोश्री नुकत्याच गेल्या होत्या. त्यांच्यावर ओढलेली चादर माझ्याच हातची होती, घडी ओळखली मी. आपण बाहेरच्या बाकावर बसून हंबरडा फोडलात. महोदय, आपणही तेवढेच तोंड उघडता. वरची डावी दाढ किडलेली आहे. मी चादरी खाली ठेवल्या आणि मोबाइलचे बटण दाबले. फोटो चांगला आला आहे.

७. तो आईला दाखवला. कितीतरी दिवसांनी तिने तोंडावरचा हात काढला. म्हणाली, "पुसून टाक रे. त्याची आई गेलीय." मी पुसलेला नाही. आईचे मन मोठे आहे, आणि मोठ्या मनाचे काय होते ते आमच्या जिन्याशी टांगलेले आहे.

८. तरी विनंती, की आपण डॉक्टरशी बोलून पाटी उतरवावी. तसा अधिकार आपल्याला नाही, हे मला पाठ आहे. अधिकार नसलेली कामेही शब्द टाकला की होतात, हेही आपल्याच कार्यालयात बघितले. शुक्रवारपर्यंत पाटी उतरली नाही, तर माझ्या मालकीच्या त्या फोटोला मी तोच मुक्त परवाना देईन. डॉक्टरची पाटी उन्हाने विटली आहे, तो नव्या चेहऱ्याच्या शोधातच आहे. खाली माझे नाव नीट लिहील, त्या बाबतीत माणूस प्रामाणिक आहे.

परवाना दिल्यावर परत घेता येत नाही, म्हणून देण्याआधी आपल्याला कळवतो आहे. आईला कोणी कळवले नव्हते.

आपला नम्र, व आपल्या हंबरड्याचा मालक,

(सही)
दाढदुखीवालीचा मुलगा
दि. ९ जून

सोबत :
१) जिन्याजवळच्या पाटीचा फोटो.
२) आपला फोटो, लहान आकारात. मोठा माझ्याकडे आहे.