पान त्रेचाळीसवरचं खरवडलेलं उत्तर

हे मृत्युपत्र मी मंगळवारीच लिहिणार होतो. कागद आणायला बाहेर पडलो, तर बारवी रोडला एका शेतात ओळखीच्या पोरांनी पोपटी लावली होती. मडकं उतरून वालाच्या शेंगा खाऊन होईस्तोवर संध्याकाळ झाली. बुधवारी पेन सापडलं नाही. गुरुवारी पेन होतं, कागद होता, वेळही होता, आणि मी खिडकीत बसून समोरच्या इमारतीचा स्लॅब किती वेळात भरतात ते बघितलं. आज शुक्रवार. उद्या सकाळी मुंबईच्या दवाखान्यात भरती व्हायचं आहे आणि सोमवारी माझी छाती उघडणार आहेत. आता टाळायला काही उरलेलं नाही.

तर लिहून ठेवतो की मी, अल्पेश कमळाकर भोपी, वय अठ्ठावीस, मूळ राहणार पालेगाव, सध्या मुक्काम माझा मित्र अभिजीत काटकर याची खोली, कुळगाव, बदलापूर, धंदा एक नाही, पूर्ण शुद्धीत आहे. सकाळपासून दोन चहांपलीकडे काही घेतलेलं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर तो लिहू नको म्हणणाऱ्या अभिजीतचा आहे, आणि तो मी मानलेला नाही.

माझ्या हृदयाची डाव्या बाजूची झडप बिघडली आहे. हृदयात झडपा चार. डाव्या अलिंद-निलयांमधली ती द्विदल, उजवीकडची त्रिदल. हे परीक्षेला हमखास विचारतात. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हापासून ती खराब होत आली म्हणे. हे मला सगळं तोंडपाठ असताना मी चार वर्षं दम लागला की 'चढ होता' म्हणत राहिलो.

कलम एक, घर. घर माझ्या नावावर नाही. पालेगावातली आमची भाताची जागा बिल्डरला गेली, त्याच्या बदल्यात बाबांना जे मिळालं ते बाबांचं आहे. त्यात माझा जो काही हिस्सा निघेल तो मी माझी धाकटी बहीण जिज्ञासा कमळाकर भोपी हिला देतो. तिने तो सोडू नये. ती सोडेल, तिला तशी सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कलम दोन, मोटरसायकल. ती अभिजीतला. वस्तू वापरून तिची किंमत उतरते त्याला अर्थशास्त्रात घसारा म्हणतात. गाडी एवढी उतरली आहे की आता आणखी उतरायला जागा नाही, तेव्हा त्याने बिनधास्त चालवावी. किक तीनदा मारायची, चौथ्यांदा नाही, थांबायचं, मग परत तीनदा.

कलम तीन, अवजारं. नाशिककडे द्राक्षबागेत एक हंगाम काम केलं तेव्हाची छाटणीची कात्री माझ्याकडे आहे. स्प्रिंग अजून चांगली आहे. ती बाबांना, म्हणजे कमळाकर धर्मा भोपी यांना. बाबांकडे आता इमारतीच्या मागचे तीन आंबे आणि गच्चीतल्या कुंड्या एवढीच शेती आहे, पण ते रोज सकाळी पाच वाजता उठून बघायला जातात. उल्हासनगरला कपाटं रंगवायचो तेव्हाची गंज खरवडायची पत्री कोणालाही देऊ नये. ती फेकावी. कारण पुढे येईल.

कलम चार, मिलिंद सर. अंबरनाथ पूर्वेला ते स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका चालवतात. मी तिथे दीड वर्ष सतरा नंबरच्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदा पंख्यासाठी गेलो, मग पुस्तकं आवडली. एक दिवस त्यांनी मला सगळ्यांसमोर उठवलं आणि म्हणाले, "भोपी, तू स्वतः परीक्षा देत नाहीस आणि दुसऱ्यांना देऊ देत नाहीस." हा राग मी तीन वर्षं सांभाळला. आज तो विनाअट सोडतो. त्यातलं पहिलं खरं होतं. दुसरंही खरं निघालं.

मृत्युपत्र लिहायचं खरं कारण खाली आहे. वरचं सगळं लिहायला मला फार वेळ लागला नाही, त्यावरून वाचणाऱ्याने ओळखावं.

कलम पाच, वही. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. कृषी, अर्थशास्त्र, विज्ञान असे तीन भाग. प्रत्येक ओळीत एक प्रश्न, एक उत्तर. चलनवाढ म्हणजे काय, रक्त गोठायला कुठलं जीवनसत्त्व लागतं, कुठली माती कापसाला. ही मी जिज्ञासासाठी लिहिली. ती दिवसा कामावर असायची, तिला अभ्यासिकेत बसायला जमायचं नाही. मी तिथे पुस्तकं वाचायची, वहीत उतरवायची आणि रात्री तिला द्यायची, असं ठरलं होतं. माझ्या आयुष्यात मी एवढी एकच गोष्ट दोनशे पानांपर्यंत नेली. घरात तिचं कौतुक झालं. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला वही दाखवायचे.

पान त्रेचाळीस, कृषी, ओळ नववी: भातावरचा खैरा रोग कशाच्या कमतरतेने होतो?

पुस्तकात मी वाचलं की पानांवर गंजासारखे तपकिरी ठिपके पडतात. पुढचं वाक्य पान उलटल्यावर होतं आणि तेवढ्यात मिलिंद सरांनी दिवे घालवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी मी उल्हासनगरच्या कारखान्यात कपाटाच्या पत्र्यावरचा गंज खरवडत होतो. ओळ अर्धी राहिलेली आठवली. गंज आहे म्हणजे लोह, असं मी तिथे उभ्या उभ्या ठरवलं आणि जेवणाच्या सुट्टीत वहीत लिहून टाकलं. पुस्तक परत उघडलं नाही.

बरोबर उत्तर जस्त आहे.

बाबांना ते माहीत होतं. एका संध्याकाळी जिज्ञासा मोठ्याने पाठ करत होती. बाबा म्हणाले, "खैऱ्याला जस्त मारतात गो. मी मारलाय आपल्या शेतान."

ती म्हणाली, "बाबा, वहीत लोह आहे. दादाने पुस्तकातून काढलंय."

बाबा माझ्याकडे बघून हसले. "मंग आसंल. पुस्तकाला जास्त कलतं." मी जेवत होतो. मी मान हलवली.

परीक्षेच्या आठ दिवस आधी मी इथेच, कुळगावात, खत-बियाण्यांच्या दुकानासमोर कोणाची तरी वाट बघत उभा होतो. दारात झिंक सल्फेटची पिशवी होती. तिच्यावर भाताच्या पानाचं चित्र आणि खाली छापलेलं: खैरा रोगासाठी. मी ती ओळ दोनदा वाचली. संध्याकाळी घरी जाऊन सांगायचं ठरवलं. ज्याची वाट बघत होतो तो आला, म्हणाला जुन्नरला चाललोय, येतो का. मी गेलो. दहा दिवस राहिलो. फोनला तिथे रेंज होती. हे अभिजीतला मी नव्हती म्हणून सांगितलंय, ते इथे दुरुस्त करतो.

एक निवडताना दुसरं जे हातचं जातं त्याला वैकल्पिक खर्च म्हणतात. वहीत मी त्याला उदाहरण दिलं होतं, भात लावला तर नाचणी गेली. जुन्नर निवडलं तेव्हा गेलं ते माझं नव्हतं, एवढी साधी गोष्ट उदाहरणात बसत नव्हती.

खैऱ्याचा प्रश्न आला. जिज्ञासाने लोह लिहिलं. एका गुणाने ती राहिली.

इथपर्यंत चूक आहे असं म्हणता येईल. पुढचं चूक नाही. उत्तरं जाहीर झाली त्या दिवशी ती घरी पोहोचायच्या आधी मी वही काढली, ब्लेडने 'लोह' खरवडलं आणि त्याच निळ्या शाईने 'जस्त' लिहिलं. ती आली, वही उघडली आणि त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसली.

"दादा, इथे लोह होतं ना?"

"जस्तच आहे की. तू घाईत वाचलं असशील."

बाबा तिला म्हणाले, "मी सांगत व्हतो तुला. वहीत पन जस्तच हाय. मंग तुझ्या डोस्क्यात लोखंड आला कुठशी?"

तिने वही मिटली. त्यानंतर तिने अभ्यास सोडला. सोडला म्हणजे भांडून नाही. वाचलेलं डोक्यात भलतंच बसतं, एवढंच म्हणायची. आता पालेगावात इमारतीच्या विक्री ऑफिसात असते. तिथेही म्हणे साधा फ्लॅट नंबर सांगताना दोनदा कागद बघते. तिला चार हजार ओळी पाठ होत्या आणि पाठांतरात एकही चुकली नव्हती. जी चुकीची होती तीही तिने जशीच्या तशी पाठ केली होती.

तर कलम पाचप्रमाणे ही वही जिज्ञासाला. पान त्रेचाळीस उजेडासमोर धरावं. नवव्या ओळीत कागद पातळ झालेला दिसेल. खात्री हवी असेल तर अभिजीतकडे या वहीची झेरॉक्स आहे, मी खरवडायच्या आधीची. तिच्यात लोह आहे. तिने ती बाबांना दाखवावी आणि सांगावं की तुमचं बरोबर होतं.

कलम सहा. जिज्ञासाने परीक्षेचा फॉर्म भरावा. शेवटची तारीख

इथे थांबावं लागलं. अभिजीत मागे उभा राहून वाचत होता. मी त्याला फक्त सहीसाठी बोलावलं होतं.

"शेवटची तारीख कधी?" तो म्हणाला.

"उद्या."

"आणि हे तिला कधी मिळणार?"

"मी गेल्यावर."

"आणि तू वाचलास तर?"

मी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे तुझी झडप बरी झाली तर पोरगी तशीच खुळी. हे मृत्युपत्र आहे का काय आहे, अल्पेश?"

"घरी ऑपरेशनचं पण सांगितलेलं नाहीये. त्यांना वाटतं मी नाशिकला आहे."

"मग आता सांग. फोन लाव."

"जेवल्यावर लावतो."

"साडेतीन वाजलेत. तू कुठलं जेवण म्हणतोयस?"

तो सही करायला तयार नाही. मेल्यावर माफी मागणाऱ्याचा साक्षीदार व्हायचं नाही म्हणतो. मी त्याला मोटरसायकलची आठवण करून दिली. ती नको म्हणाला, आणि कलम दोनमध्ये ती त्याला जातेय म्हणून तसाही त्याने साक्षीला उभं राहू नये, असंही त्याने ऐकवलं. हा तीनदा मुख्य परीक्षेला बसलेला माणूस आहे, याच्याशी कायद्यावर बोलणं कठीण.

त्याचं म्हणणं मला पटलं हे लिहून ठेवतो. चार दिवस मी हा कागद टाळत होतो असं मला वाटत होतं. खरं तर कागद सोपा होता. तिच्यासमोर बसून तिच्या बोटाखालच्या ओळीबद्दल बोलणं टाळत होतो, आणि त्यासाठी मी मरणाचीसुद्धा सोय बघितली.

म्हणून कलम पाच आणि सहा या मृत्युपत्रातून काढतो. खोडत नाही, खरवडत तर अजिबात नाही, वर आहेत तशी राहू देत. पण ती मेल्यावर वाचायची नाहीत. ती मी स्वतः आज सांगणार आहे. बाकी कलमं कायम.

हे वरील लिखाण माझ्या हाताने, माझ्या अकलेने, जेवढी आहे तेवढीने, केलं असून ते मला मान्य आहे.

ठिकाण: कुळगाव, बदलापूर
दिनांक: १६ जानेवारी २०२६
सही: अल्पेश कमळाकर भोपी

साक्षीदार पहिला: अभिजीत काटकर. सही दिली नाही. कारण वर आहे.

साक्षीदार दुसरी: वेणूबाई, खालच्या घरमालकीण. त्यांना वर बोलावलं होतं. त्या जिन्यात आल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "आरं अल्पेश, तुजी भन आलीया. नाशिकला हाय म्हनला व्हतास ना घरी? डोळं लाल हायती तिचं. पानी दिऊ का आदी वर धाडू?"

दवाखान्याच्या फॉर्मवर नातेवाईकाचा नंबर मागितला होता. मला पाठ असलेला एकच नंबर मी लिहिला होता, माझा पत्ता म्हणून ही खोली. त्यांनी उद्याच्या भरतीचं विचारायला तिला फोन केला असणार.

जिज्ञासा जिना चढतेय. अभिजीत चप्पल घालून खाली निघाला. वही टेबलावर उघडीच आहे.