कच्चा पाऊस, दुरुस्त पाऊस

सोमवार, ४ मार्च
शुक्रवारी जुनं मशीन बंद. कायमचं. आपल्या नदीच्या खोऱ्यात पुढची शंभर वर्षं कसा पाऊस पडेल, ते बाबांनी अर्धी नोकरी खपून संगणकावरच्या मॉडेलमधून काढलं. सगळं त्या मशीनवर. ते निवृत्त झाले, आता त्याच खात्यात डेटा जपायचं काम माझ्याकडे — आणि नव्या संग्रहात हलवायचा नेमका त्यांचाच राहिलाय. दोन संच आहेत, अ आणि ब. एक कच्चा, जसा मॉडेलमधून निघाला तसा. दुसरा खऱ्या मोजलेल्या पावसाशी ताडून पाहून दुरुस्त केलेला. कुठला कोणता, ते फक्त बाबांच्या डोक्यात. आणि पक्षाघातानंतर बाबांना एकच शब्द येतो — "हो."

मंगळवार, ५ मार्च
"बाबा, अ दुरुस्त केलेला ना?" — "हो."
"की ब?" — "हो."
चहा हवा? हो. चहा नको? हो. आधी हसू आलं. मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. दादा बाहेरून म्हणाला, "सोड त्यांना. आधी माणूस, मग तुझा पाऊस." खरंय त्याचं. पण शुक्रवार त्याला कुठे माहितीये?

बुधवार, ६ मार्च
नव्या संग्रहातल्या बाई ढिम्म. "वर्णन पूर्ण नसेल तर घेता येत नाही हो. उद्या कुणी भलतंच वापरलं तर?" 'माहीत नाही' लिहायची सोयच नाही. बाबांच्या जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. सगळ्यांचं एकच — "तुझ्या बाबांनाच विचार की."
संध्याकाळी धरणावरच्या इंजिनिअरांचा फोन. "मॅडम, सांडव्याचे दरवाजे केवढे ठेवायचे ते यावरच ठरणार. कुठला घेऊ?"

गुरुवार, ७ मार्च
दिवसभर आकडे घासले. दोन्ही खरे वाटतात. डोकं बधिर.

शुक्रवार, ८ मार्च
लिहून टाकलं. अ — दुरुस्त. त्यातले मोठे पाऊस जरा आटोक्यातले वाटले, बस. संग्रहाने घेतलं. जुन्या मशीनचे पंखे थांबले. इंजिनिअर म्हणाले, "देवासारख्या धावून आलात. लागतो कामाला."

मंगळवार, १२ मार्च
बोलायला शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांच्यासमोरच बाबांना सांगितलं — तुमचा पाऊस वाचला, अ दुरुस्त म्हणून नोंदवलाय. बाबांनी तोंड उघडलं.
"नाही."
बाईंनी टाळ्या वाजवल्या. दादाने बाबांना मिठी मारली. मी इंजिनिअरना फोन लावत होते.