कोरडी चादर

प्रिय सायली,

तू फोनवर म्हणालीस, "ताई, बाळाची लंगोटं तूच शिव, आईची शिवायचीस तशी." मी हो म्हटलं आणि दूध उतू जातंय असं सांगून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. त्याला आज नऊ दिवस झाले. फोनवर मला नीट बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून लिहिते. सकाळपासून तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठले. एकदा तर धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

आधी लंगोटांचं सांगते. कापड शहागंजातून आणलं, रेनकोटचं कापड आणि गाड्यांची कव्हरं विकणाऱ्या इब्राहीमभाईंकडून. त्यांनी पाच-सहा प्रकार पुढं टाकले. रेक्झिन जाड, मांडीला काचेल. रेनकोटचं नायलॉन पातळ असतं, पण चुरचुर वाजतं आणि चार धुण्यांत त्याच्या आतल्या थराचे पोपडे निघतात. टेबलावर अंथरायच्या प्लास्टिकला मी हातही लावला नाही. शेवटी घेतलं ते बनियनच्या कापडासारखं मऊ, मागच्या बाजूला पातळ चकचकीत थर असलेलं. पीयूएल म्हणतात त्याला. पाणी अडवतं, पण थोडी हवा जाऊ देतं. इब्राहीमभाईंनी ओळखलं. "पिछले साल अम्मा के वास्ते ले गये थे ना? कैसे हैं अम्मा?" मी म्हटलं, नहीं रहे. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली.

चकचकीत बाजू आत ठेवायची, पॅडकडं. कापडाची बाजू बाहेर. बाळाच्या अंगाला ती चकाकी कुठंच लागता कामा नये. अंगाकडच्या बाजूला मी फ्लीस लावलं आहे, थंडीच्या जॅकेटला अस्तर असतं ते. ओल त्यातून खाली उतरते आणि वरून ते कोरडं राहतं. या दोन कापडांच्या मधे पॅड सरकवायचा. पॅडला टर्किश टॉवेलचा एक पदर आणि आईच्या सुती साडीचे चार. ती जांभळ्या काठाची, धुऊन धुऊन पार विरलेली. बाळाला पहिलं कापड जुनंच लागतं, आई असती तर तिनंच ही साडी काढून दिली असती. टाचण्या लावल्या नाहीत. जिथं भोक पडतं तिथून पाणी पाझरतं, म्हणून वाळत घालायचे चिमटे लावून शिवलं, टाका लांब ठेवला. एका लंगोटाची शिवण वाकडी गेली म्हणून उसवली, तर जुन्या भोकांतून पाणी आलं. ते टाकून दिलं. बाकी प्रत्येकावर पेलाभर पाणी ओतून खाली वर्तमानपत्र ठेवलं आणि बघत बसले. कागद कोरडा राहिला. मग मला तिथं बसवेना.

आईची लंगोटं मी कशी शिवायचे ते तू कधी पाहिलं नाहीस. जुलैत तिची डावी बाजू गेली, तेव्हा बाजारातले डायपर तिला काचायचे, म्हणून मी मशीन काढलं. आई किती टापटिपीची ते तुला सांगायला नको. चादर ओली झाली की ती तोंड भिंतीकडं फिरवायची आणि मग जेवायची नाही. मला एवढंच कळत होतं की चादर ओली होता कामा नये. म्हणून मी ते टेबलाचं प्लास्टिक आणलं. एक पदर बाहेरून लावला. तरी कडेनं पाझरलं, तेव्हा आतूनही कमरेशी आणि मांड्यांशी त्याच प्लास्टिकची चार बोटं रुंद पट्टी लावली आणि वर रबर घातलं. त्यानंतर चादर एकदाही ओली झाली नाही. आई माझ्याकडं बघून अर्ध्या तोंडानं हसली. मला फार बरं वाटलं होतं, सायली.

सुमय्या आईला दिवसभर सांभाळायला हर्सूलहून यायची. दर दोन-तीन तासांनी लंगोट सोडून बघायची. मला म्हणायची, "बाजी, इसमें हवा नहीं जाती. ये पिलास्टिक निकालो, अम्मा का चमड़ा पक रहा." मी म्हटलं, चादर कोरडी आहे ना? मग सारखं सोडू नकोस, आईला लाज वाटते. दुपारी एकदाच बदलत जा. तिनं पुन्हा एकदा सांगून पाहिलं, मग ऐकलं. मी ऑफिसातून आले की चादरीवरून हात फिरवायचे. चादर कोरडी म्हणजे आई कोरडी, असं मी धरून चालले होते.

दिवाळीत तू आलीस, आईला कुशीवर वळवलंस आणि कमरेखालची ती जखम बघितलीस. तू सुमय्यावर ओरडलीस, "मोबाइल बघत बसतेस का गं दिवसभर? तुझी आई असती तर अशी सडू दिली असतीस?" ती माझ्याकडं बघत होती. माझ्या हातात पुढच्या लंगोटासाठी कापलेलं प्लास्टिक होतं. मी तो हात पाठीमागं नेला. सुमय्यानं आईच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, ओढणी डोक्यावर घेतली आणि गेली. ती परत आली नाही. जखमही भरली नाही. जानेवारीत आई गेली तेव्हा डॉक्टरांनी छातीतल्या कफाचं कारण लिहिलं. ते खरं असेल. पण दहाव्याला सगळ्या बायकांसमोर तू म्हणालीस की त्या बाईनं आईला घालवलं. मी पाण्याचे पेले भरत होते. भरतच राहिले.

रविवारी तू बाळंतपणाला इथं येणार. आई नाही, तर माझं घर हेच तुझं माहेर, असं तूच म्हणालीस. म्हणून काल मी हर्सूलला सुमय्याकडं गेले. ती भाकरी थापत होती. जखम माझ्या प्लास्टिकनं झाली, असं मी तिला सांगितलं. म्हणाली, "मालूम है बाजी. मैंच तो बांधती थी." बाळाच्या अंघोळीला येशील का विचारलं, तर म्हणाली, "सायली बाजी को मालूम है क्या?" मी नाही म्हटलं. "पहले उनको बताओ. उनका फोन आया तो आऊँगी." तिचा नंबर मागच्या पानावर लिहिला आहे. हे पत्र तुला शुक्रवारपर्यंत मिळेल. वाचून इथं यावंसं वाटलं नाही तर तिकीट रद्द कर, नाशिकलाच सासरी राहा, मी का म्हणून विचारणार नाही. पण सुमय्याला फोन कर. लंगोटं सोबत पाठवली आहेत, अकरा. प्रत्येकाची मागची कड पॅड सरकवायला न शिवता उघडी ठेवली आहे. बाहेरून हात लावून कोरडं आहे असं धरू नकोस. दर दोन तासांनी बोटं आत घालून बघत जा.

तुझीच,
ताई