मामींना काय हवंय

९ मार्च, सोमवार

मामींनी आज माझ्या मदतनीसाला एका वाक्यात गप्प केलं!

चेन्नईत, गिंडीच्या ऑफिसात बसून बँकेसाठी हा एआय मदतनीस घडवतेय. माणसाला आयुष्यात काय मोलाचं वाटतं ते आधी विचारायचं, आणि मग त्याचा पैसा तिकडेच जातोय ना, हे बघायचं. उगाच कर्ज गळ्यात मारायचं नाही, दर वर्षी नवा फोन घ्यायला लावायचं नाही. चाचणीला खरी माणसं हवी होती, म्हणून खालच्या मजल्यावरच्या कृष्णवेणी मामींना पकडलं. माझ्या घरमालकीण. मूळच्या तंजावरकडच्या मराठी, लग्नापासून इथे तिरुवल्लिकेणीत; यजमान अनंतराव गेल्यापासून एकट्याच.

मदतनीसाने फोनवर गोड आवाजात विचारलं — तुम्हाला स्वतःसाठी काय हवंय?

"ऐयो, मज काय पाहिजे? कायी नको. सगळं नातीस."

झालं! त्याने लिहून घेतलं आणि मी देते ते भाडंसुद्धा कोइमतूरच्या नातीच्या शिक्षणाकडे वळवलं.

१३ मार्च, शुक्रवार

मामी चाचणीत सगळ्यांत पुढे! जुना पंखा टाकून न देता वाइंडिंग करून घेतला. तेल अजून स्वतःचा डबा नेऊन आणतात. मदतनीस कौतुक करून थकत नाही. विजयकुमार — आमचा टीम लीड — म्हणाला, "ग्राहक असावा तर असा." मी अशी फुगले, जणू मामींना मीच घडवलंय!

संध्याकाळी माझ्या खोलीत खिडकीशी चहा. समुद्राचा वारा थेट खाटेवर. या गावात या खोलीइतकं सुख कुठे नाही.

१९ मार्च, पाडवा

विजयकुमारला मामींकडे जेवायला आणलं. "वेंडाम, वेंडाम" — नको, नको — म्हणत बिचारा चौथी पुरणपोळी खाऊन बसला! आग्रह कशाला म्हणतात ते त्याला आज कळलं.

मग मामी बसल्या, मी वाढायला. "नको." पुन्हा विचारलं. "नको गं." तिसऱ्यांदा पोळी पुढे केली, तर पान पुढे सरकवलं आणि चांगल्या दोन खाल्ल्या.

तिथेच डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे पहिलं "नको" हे उत्तर नसतंच! आणि आम्ही तेवढंच लिहून घेऊन मोकळे झालो. मामींना खरंच काही नको आहे का, हे कुणालाच माहीत नाही.

२४ मार्च, मंगळवार

विजयकुमारशी भांडले. त्याचं म्हणणं — बँका पुन्हा पुन्हा विचारतात म्हणूनच तर लोक वैतागलेत. नको म्हणजे नको. मी म्हटलं, पाडव्याला पोळ्या खाल्ल्यास ना?

"मामींना पोळ्या विकायच्या नव्हत्या."

त्याचं चुकत नाही, याचाच जास्त राग येतो.

२५ मार्च, बुधवार

अगं, त्याच्याच बोलण्यात उत्तर होतं! ज्यात बँकेला काही मिळणार नाही, तेवढंच पुन्हा विचारायचं. मध्ये दिवस जाऊ द्यायचे, तीनदा विचारायचं आणि मग कायमचं तोंड मिटायचं.

विजयकुमार दाढी खाजवत बसला. मग म्हणाला, "सेरी, चालेल. आधी मामींना विचारून बघू." मामी तिन्ही वेळा नको म्हणाल्या तर माझा नियम केराच्या टोपलीत.

३० मार्च, सोमवार

दुसऱ्यांदा विचारलं. "नको." विजयकुमार गालात हसतोय — मेला!

३ एप्रिल, शुक्रवार

तिसऱ्यांदा. या वेळी मदतनीसाने हेही सांगितलं, की नातीची सोय पुरेशी झाली आहे, तुमच्या पेन्शनमध्ये घर नीट चालतं, आता थोडं स्वतःकडे बघायला हरकत नाही.

आणि मामींनी उत्तर दिलं! काय दिलं ते नाही कळलं. ग्राहकाचं उत्तर आम्ही वाचायचं नाही, हा नियमही माझाच — घे आता! पण "नको" नव्हतं, एवढं पडद्यावर दिसलं. नियम राहिला! विजयकुमारने कॉफी पाजली.

काय मागितलं असेल? काशी? कांजीवरम साडी? मला आतून नुसत्या गुदगुल्या होतायत.

५ एप्रिल, रविवार

मामी धड बोलत नाहीत. जिन्यात दिसल्या की पदर सावरतात नि आत. सकाळी वर डोसे पाठवले, दुपारी पुन्हा पायसम. इतके लाड कशापायी? विचारलं तर म्हणे, "खा गं, खा."

डोसे मात्र फर्मास होते.

६ एप्रिल, सोमवार

मामी आपण होऊन जिना चढून वर आल्या. खाटेवर बसल्या, खिडकीकडे तोंड करून.

"रागेजू नको गं. अनंतराव गेले तसं खालती मज झोप नाही. वाराच येत नाही. मज ही खोली पाहिजे. भाडं नसलं तरी चालतं म्हणे — तो तुझा मदतनीसच म्हणाला."

आधी रडून घेतलं. मग हो म्हटलं.